पाव आटा

लहानपणी मला वाटायचं
पाव आटा म्हणजे खायची गोष्ट.
गिऱ्हाईक रस्त्यावरूनच ओरडायचं,
"दस्तगीरभाई, पाव आटा वाढवून द्या की!"
आणि अब्बा हात पुसत उठायचे.
फार चुकीचंही नव्हतं ते.
डिझेल पंपाच्या एका स्क्रूवर
पाव आटा फिरला की
संध्याकाळी आमच्याकडे पीठ यायचं,
कधी मटण.

दहा टनांच्या गाडीत सोळा टन.
पुढे खंबाटकीचा चढ. ओढ पाहिजे.
पाव आटा म्हणजे घोटभर जास्त डिझेल,
जळेल तेवढं जळायचं,
उरलेलं मागून काळं होऊन निघायचं
आणि वळणावरच्या करवंदीच्या जाळ्यांवर बसायचं.
मे महिन्यात पारगावच्या पोरी
करवंदं ओढणीला पुसून द्रोणात भरायच्या.
करवंद मुळातच काळं.
कोणाच्या लक्षात येणार?

काम झालं की अब्बा स्क्रूत तार ओवून
शिशाचं सील दाबायचे,
वर पंचने एक 'द'.
कंपनीच्या सीलसारखंच दिसायचं.

आता त्याच रस्त्याला, घाटाच्या पायथ्याशी
पीयूसीच्या व्हॅनमध्ये मी बसते.
सायलेन्सरात नळी घालते,
म्हणते, रेस करा. पूर्ण. अजून.
मशीन आकडा देतं.
माणसं आकडा सोडून बाकी सगळं देतात.
शंभराची नोट, साहेबाचा फोन, बारशाचे पेढे.
"ताई, नळी त्या नव्या गाडीत घाला,
नंबर तेवढा माझा टाका."
घातलीये मी. खोटं कशाला बोलू.
पहिल्या वर्षी, दोनदा. व्हॅनचा हप्ता होता.

फेब्रुवारीत जतचा एक ट्रक आला,
फरशीने भरलेला, वर निळी ताडपत्री.
ड्रायव्हर बिरू कोळेकर.
मर्यादा दोन पूर्णांक पंचेचाळीस,
मशीन म्हणालं सहा पूर्णांक एक.
"फिल्टर बदललाय, नोझल नवे टाकलेत,
बिरोबाची आण."
मी केबिनमधलं इंजिनाचं झाकण उचललं.
पंपावर तार, तारेला शिसं,
शिशावर 'द'.

अब्बांना फोनवर काही सांगितलं नाही.
पाना घेऊन या, एवढंच.
लुनावरून आले, वय चौऱ्याहत्तर,
चष्मा कपाळावर.
सील अंगठ्याने चाचपलं.
"माझंच."
मग बराच वेळ काहीच नाही.
एक एसटी गेली साताऱ्याकडे, विजेवरची.
ती गेल्यावर पेरूवाल्याने मान वर केली.

"चाचा, ओढ जाईल."
"जाऊ दे."
"घाट दुसऱ्यात चढावा लागेल."
"मग दुसऱ्यात चढ. मागं कोण लागलंय तुझ्या?"
बिरूने मालकाचं नाव सांगितलं.
अब्बांनी ते ऐकलं नाही,
किंवा ऐकलं.
तार कापली. पाव आटा, उलटा.
मी नळी घातली. दोन पूर्णांक नऊ.
परत आत वाकले, नखाएवढं अजून.
दोन पूर्णांक दोन.
बिरूने पाचशे पुढे केले.
"घेतलेत की मी," अब्बा म्हणाले,
"अकरा साली."

फरशी मात्र होती तेवढीच होती.
ती मोजायचं मशीन माझ्याकडे नाही.

ट्रक निघाला.
घाटात गाडी कुठवर गेली
ते इथून धुरावरून कळतं,
पहिलं वळण, दुसरं वळण,
आकाशाला लागलेली काजळी बघत.
अब्बा लुनाला टेकून बघत राहिले.
"दिसेना गं."
मलाही दिसेना.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
फुंकर मारली, शर्टाला पुसला, परत लावला.
मग बोट वर गेलं.
तिसऱ्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी सावकाश,
नुसती ताडपत्री,
निळी.